घरी बसलेली मुलं: सगळ्यांना एकच इलाज चालत नाही

'नीट' म्हटलं की आपल्याला डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा आठवते. पण सरकारी आकडेवारीत आणखी एक 'नीट' आहे: जो शिकत नाही, कमवत नाही आणि कुठलं ट्रेनिंगही घेत नाही असा तरुण. आपल्या भाषेत, घरी बसलेला. महाड-पोलादपूरच्या मोहल्ल्यांतही अशी मुलं आहेत. त्यांना आळशी म्हणून मोकळं होण्याआधी, कोण किती शिकून थांबलाय ते बघायला हवं.

आकडे काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या भारत रोजगार अहवालानुसार, 2022 मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी 3.4 टक्के होती, तर पदवीधरांत 29.1 टक्के. म्हणून शिकणं फुकट, असा अर्थ काढू नका. न शिकलेल्या गरीब मुलाला बसून राहणं परवडतच नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मनासारख्या नोकरीची वाट बघतो.

मुलींचं चित्र वेगळं आहे. शिक्षण, काम, ट्रेनिंग या तिन्हींच्या बाहेर मुलगे 9.8 टक्के, तर मुली 48.4 टक्के. घरकाम सांभाळणारी मुलगी नोकरी शोधत नसेल, तर ती 'बेकार' म्हणूनही मोजली जात नाही.

कोणासाठी कुठला रस्ता?

दहावीत अडलेला: 17 नंबर फॉर्म भरून शाळेत न जाता दहावी देता येते. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो. आखाती देशांत जायचं असेल तरी दहावी सोडू नका. दहावी पास नसलेल्याला सहसा ईसीआर पासपोर्ट मिळतो, आणि सौदी, कुवेत, कतारला नोकरीसाठी जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दहावी पास झाल्यावर ही अट राहत नाही.

आयटीआय किंवा पदवी झालेला: 30 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कायद्याने अप्रेंटिस घ्यावे लागतात. महाडची एमआयडीसी आपल्या दारात आहे. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा. स्टायपेंड मिळतो, अनुभवही मिळतो.

बारावीनंतर थांबलेली मुलगी: रोज बसने कॉलेजला पाठवणं जमत नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदवी घेता येते. निकाह ठरला म्हणून शिक्षण बंद करायची गरज नाही.

एक विनंती. प्रत्येक जमातीने एक वही करावी: नाव, वय, शेवटची पास केलेली इयत्ता, थांबण्याचं कारण. मुलींची नावंही त्यात आलीच पाहिजेत. नुसतं 'काहीतरी कर' म्हणून मूल उठत नाही. कुठला फॉर्म, कुठे भरायचा आणि सोबत कोण येणार, एवढं सांगितलं की इन्शाअल्लाह उठतं.