सुमोच्या ओट्यावर बाईला बंदी

जपानला गेलो तेव्हा टोकियोच्या ऱ्योगोकु भागातले कोकुगिकान पाहिले. १९८५ साली उघडलेले हे सुमोचे कुस्तीगृह. सुमारे ११ हजार माणसे बसतात. आम्ही चौघांच्या चौकटीत, गादीवर मांडी घालून बसलो.

आपला आखाडा मऊ मातीचा. इथे टणक मातीचा उंच ओटा, त्याला ‘दोह्यो’ म्हणतात. त्यावर जेमतेम साडेचार मीटरचे रिंगण. वजनी गट नाहीत. रिंगणाबाहेर पाऊल पडले किंवा तळपायाखेरीज अंग मातीला लागले, की गडी हरला. लढतीआधी गडी मूठभर मीठ उधळतो. कशाला? तर जागा शुद्ध व्हावी म्हणून! ‘शुद्ध’ म्हटल्यावर वाचकहो, आमचे कान टवकारले.

या ओट्यावर बाईने पाय ठेवायचा नाही, ही जुनी रूढी. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरु शहरात सुमोच्या कार्यक्रमात महापौर ओट्यावरच भाषण करताना कोसळले. बाया मदतीला धावल्या, त्यांत एक नर्सही होती. तेवढ्यात लाऊडस्पीकरवरून हुकूम, बायांनी खाली उतरावे! माणूस निपचित पडलेला, आणि चिंता विटाळाची. सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली. बंदी उठवली नाही.

आमच्या शेजारी एक आजी नातीला घेऊन बसली होती. आवडता गडी जिंकताच नात टाळ्या पिटत उभी राहिली. तिथून ओटा वीसेक पावलांवर होता.