आजींच्या पाटल्या

आमच्या गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात मी दर गुरुवारी जाते. तिथल्या एक आजी निवृत्त शिक्षिका; नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. "पोरी, माझ्या पाटल्या नि बँकेतले पैसे इथल्या आजारी बायकांच्या औषधपाण्याला द्यायचे हं," असं त्या नेहमी सांगायच्या. मी आपली "आजी, एवढ्यात कुठं निघालात?" म्हणून हसण्यावारी न्यायचे. ते हसणं आता टोचतं.

आजी गेल्या. कधी न फिरकलेला दिराचा मुलगा तेराव्याच्या आत हजर! कायद्यानं त्याचं चुकलंही नव्हतं म्हणा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वतःची कमाईसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आमच्या तोंडी साक्षीला कोण विचारतो?

मग ओळखीच्या वकीलबाईंना आश्रमात बोलावलं. मृत्युपत्राला साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. संस्थेला द्यायचं तर तिचं नोंदणीतलं पूर्ण नाव घालायचं. मन बदललं, तर कागदही बदलता येतो. आणि बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तर मलाही नवीनच!

त्या दिवशी चौघींनी कागद केले. एकीनं आपलं शिवणयंत्र तिथं काम करणाऱ्या मावशींच्या मुलीला लिहून दिलं. "एवढंच?" वकीलबाईंनी विचारलं. आजींनी चष्मा पुसला. "त्यावरच तीन पोरं वाढवली मी," म्हणाल्या, आणि सही केली.