एका सेंटिमीटरांत किती तरंग?

आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. म्हणून तरंगांचा पाठ आम्ही तलावाच्या कांठींच आरंभितों. वाऱ्यानें पाण्यावर लाटा उठल्या आहेत. कांठाशीं रोंवलेल्या खुंटाजवळून एका सेकंदांत किती लाटा जातात, हें मोजणें ही एक गोष्ट. कोणत्याहि एका क्षणीं मीटरभर लांबींत किती लाटा मावतात, हें मोजणें ही दुसरी. पहिलीस वारंवारता म्हणतात, दुसरीस तरंगसंख्या. पहिलीस घड्याळ लागतें, दुसरीस केवळ मोजपट्टी. दोन माथ्यांमधील अंतर २० सेंटिमीटर असेल, तर तरंगसंख्या दर मीटरास ५. नुसतें ‘५’ लिहून एकक गाळणाऱ्या परीक्षार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें.

आतां प्रकाश. चुलीच्या ज्वाळेंत चिमूटभर मीठ पडलें कीं ती पिवळी होते. हा मिठांतील सोडियमचा प्रकाश. त्याच्या एका तरंगाची लांबी हवेंत सुमारें ०.००००५८९ सेंटिमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरांत सुमारें १७,००० तरंग! इतकीं शून्यें लिहिण्यापेक्षां ही संख्या किती सुटसुटीत! वर्णपटाचे अभ्यासक तीच वापरतात.

हाच प्रकाश पाण्यांत शिरला कीं त्याचा वेग सुमारें तीन-चतुर्थांश होतो. तरंग दाटीनें बसतात व तरंगसंख्या सुमारें २२,६०० होते. वारंवारता मात्र तिळभरहि बदलत नाहीं; कारण दर सेकंदास जितके तरंग पृष्ठभागावर येतात, तितकेच पलीकडे जातात. दोहोंची गल्लत करणारा विद्यार्थी येथें हटकून फसतो.

कांहीं वरच्या इयत्तांच्या ग्रंथांत हीच संख्या ६.२८नें गुणून देतात. तेव्हां उदाहरण सोडविण्यापूर्वीं त्या ग्रंथाची व्याख्या पाहून घ्यावी.