वेकबोर्डच्या बोटीत बॅलास्ट बसवताना : पाणी किती, कुठे आणि कसं

विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी मला आधीच विचारलं, की बोटीत पाणी शिरू नये म्हणून माणसं धडपडतात आणि तुम्ही मुद्दाम भरायला काय सांगताय? प्रश्न रास्त आहे. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

बॅलास्ट हा शब्द आपल्याला रुळांखालच्या खडीमुळे ओळखीचा असतो. जहाजात बॅलास्ट म्हणजे माल नसताना जहाज जास्त डुलू नये म्हणून तळाशी घातलेलं वजन. कोशात त्याला 'नीरम' असा शब्द मिळतो. पूर्वी दगड घालत, आता पाणी भरतात. वेकबोर्डच्या बोटीत मात्र हेतू वेगळाच. इथे आपल्याला बोट शांत करायची नाहीये, मागची लाट मोठी करायची आहे. बोट जितकी जड, तितकं जास्त पाणी ती बाजूला सारते, आणि ते पाणी परत जागेवर येताना मागे लाट उठते. ताशी ३५-३७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बोटीमागे, वीसेक मीटर दोरीच्या टोकाला उभा असलेला खेळाडू त्याच लाटेवरून उडी मारतो. इथे मिनेसोटात तळ्याकाठी राहणाऱ्यांनी हे दृश्य पाहिलंच असेल.

कारखान्यातून टाक्या बसवून आलेली नवी बोट फार महाग पडते. म्हणून लोक जुनी बोट घेतात आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पंप आणून घरीच जुळवतात. काम अवघड नाही. पण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात: आधी पिशव्या घेतात, मग हिशोब. तुम्ही हिशोब आधी करा.

हिशोब कुठून सुरू होतो? चालकाच्या जागेजवळच्या पाटीवरून. वीस फुटांखालच्या नेहमीच्या मोटरबोटींना अमेरिकेत ही पाटी कायद्यानेच लागते. मोठ्या बोटींवरही बहुधा असते, नसेल तर माहितीपुस्तिका बघा. समजा पाटीवर माणसं आणि सामान मिळून ९०० किलो लिहिलंय. पाच माणसं, सरासरी ८० किलो, म्हणजे ४००. सामान ५०. उरले ४५०. बस्स, एवढंच तुमचं पाणी. आणि जाहिरातीत बघून आपण मनात काय धरलेलं असतं? मागे साडेतीनशेच्या दोन, पुढे अडीचशेची एक, एकूण ९५०. म्हणजे पाटीच्या हिशोबात आणखी सहा माणसं बसवल्यासारखं झालं! सहा माणसं जास्त बसवायला कोणी तयार होणार नाही, पण पाणी दिसत नाही म्हणून भरतो.

आता यातून होतं काय, ते बघू. बोटीचा पाण्याला टेकलेला आडवा भाग साधारण दहा चौरस मीटर धरा. ४५० किलोने बोट साडेचार सेंटीमीटर खाली जाते, ९५० किलोने साडेनऊ. ऐकायला कमी वाटतं. पण हे वजन सगळीकडे सारखं पसरलं तर. ते सगळं मागे टाकलंत तर मागची कड कितीतरी जास्त खाली जाते. आणि खरा धोका बोट वेगात असताना नसतोच. खेळाडू पडतो, चालक त्याला घ्यायला वळतो, वेग एकदम कमी करतो, आणि बोटीची स्वतःचीच लाट समोरून येते. पुढचा भाग उघडा, तिथे पाण्याची पिशवी आणि वर दोन मुलं बसलेली. नाक खाली गेलं की लाट सरळ आत. म्हणून वळताना हळू, आणि पुढे माणसं असतील तर पुढची पिशवी रिकामी ठेवा.

(सभागृहातून प्रश्न : पाण्याऐवजी शिसं का नाही? जागा कमी लागेल.)

लागेल ना, अकरापट कमी लागेल. शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या लोक वापरतातही. पण फरक लक्षात घ्या. बोटीत पाणी शिरून ती अर्धी बुडाली, तर पिशवीतलं पाणी हे पाण्यातलं पाणी, ते बोटीला आणखी खाली ओढत नाही. शिसं ओढतं. शिवाय पाणी दहा मिनिटांत बाहेर टाकता येतं. माझं मत विचाराल तर शिसं नको.

पाण्याचा एक अवगुण मात्र आहे. अर्धवट भरलेल्या पिशवीत ते हिंदकळतं. बोट डावीकडे कलली की पाणीही डावीकडेच धावतं आणि कल वाढवतं. म्हणून मोठी पिशवी अर्धी भरण्यापेक्षा लहान पिशवी गच्च भरा. आपल्या उदाहरणात मागे १८० लिटरच्या दोन आणि पुढे ९० ची एक. लिटरला एक किलो, हिशोब सोपा. मागे वजन वाढवलं की लाट उभी होते, पुढे वाढवलं की लांब, उताराची होते. शिकणाऱ्याला दुसरी बरी. आणि पिशव्या पट्ट्यांनी बांधा. एकदम वेग तुटला तर १८० किलो पुढे सरकतात.

आता पंप. एक प्रकार रबरी पात्यांचा. तो दोन्ही दिशांनी चालतो, त्यामुळे भरायला आणि उपसायला एकच पुरतो. पण कोरडा चालला की पाती जळतात. पिशवी रिकामी झाल्यावर गप्पांच्या नादात बटण चालू राहिलं की झालंच. दुसरा साधा, स्वस्त. तो पाण्याच्या पातळीखाली बसवावा लागतो, आणि भरायला एक, उपसायला वेगळा. त्याच्यावर तासाला ३००० लिटर लिहिलेलं असतं. पाणी वर चढवायचं, नळीत वळणं, म्हणून २००० धरा. १८० लिटरला साडेपाच मिनिटं.

या साध्या पंपाचं एक वैशिष्ट्य विक्रेता सांगत नाही. बंद असला तरी त्याच्यातून पाणी आरपार जातं. तळाला बसवलेल्या जाळीचं तोंड पुढच्या बाजूला असेल आणि बोट सेकंदाला दहा मीटर जात असेल, तर तिथे पाच मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब तयार होऊ शकतो. म्हणजे पंप बंद, बोट चालू, आणि पिशवी आपोआप भरतेय! म्हणून तळाच्या प्रत्येक भोकाला हाताने बंद करता येईल असा व्हॉल्व्ह हवाच, आणि तो हात पोचेल अशा जागी. नळी पिशवीपेक्षा वर नेऊन मग खाली आणा, त्या कमानीवर हवा घेणारी झडप लावा, नाहीतर सायफनने पाणी एकदा वाहू लागलं की थांबत नाही. खेचणारी नळी आतून स्प्रिंगची, साधी नळी चपटी होते.

वायरिंगमध्ये लोक पैसे वाचवतात. रबरी पात्यांचा पंप १२ व्होल्टवर पंधरा अँपिअरच्या आसपास घेतो. बॅटरीपासून सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. घरातली अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकलीत तर वाटेतच १.३ व्होल्ट खर्च होतात. सहा चौरस मिलिमीटरची टाकलीत तर अर्ध्या व्होल्टवर भागतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. आणि इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साठते, तिथे बसणारा पंप आणि स्विच ठिणगी बाहेर न पडू देणाराच हवा. मोटारीच्या दुकानातला चालणार नाही.

(प्रश्न : संध्याकाळी आधी कुठली पिशवी रिकामी करायची?)

पुढची. मागची आधी रिकामी केलीत तर नाक जड राहतं. भरताना उलट, मागच्या आधी.

आणि उपसा त्याच तळ्यात, निघण्याआधी. या पिशव्या कधीच पूर्ण कोरड्या होत नाहीत, तळाशी थोडं पाणी राहतंच. झेब्रा शिंपला १९८८ मध्ये सेंट क्लेअर तळ्यात सापडला तो जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातूनच आलेला मानतात. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे मिनेसोटात तळ्यावरून निघताना पाण्याची बुचं काढून बोट निथळूनच न्यावी लागते. दुसऱ्या तळ्यावर जाणार असाल तर पिशव्या काढून वाळवा. किनाऱ्याचंही बघा: मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ मध्ये मोजमापं घेऊन वेकसर्फच्या बोटींनी काठापासून पाचशे फुटांहून जास्त दूर राहावं असं सुचवलंय. ऑक्टोबरात नळ्यांमधलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ फिरवा, नाहीतर एप्रिलमध्ये पंपाचं तडकलेलं डोकं हातात येईल.