पेट्रोलची सोबत घेऊन धावणारा विजेचा ट्रक : बॅटरी कुठे कमी पडली?

मालवाहतुकीच्या धंद्यात गाडी निवडताना मालक दोन गोष्टी पाहतो. गाडी किती माल ओढते आणि किलोमीटरमागे किती खर्च येतो. विजेच्या गाड्या आल्यापासून यात तिसरी गोष्ट वाढली आहे, ती म्हणजे बॅटरी. इंजिन बिघडले तर गल्लीतला मेस्त्री ते उघडून दुरुस्त करतो. बॅटरी कमी पडली तर मात्र सगळा हिशेबच कोलमडतो. हे कसे घडते याचे चांगले उदाहरण अमेरिकेत पाहायला मिळाले. व्हाया मोटर्स या कंपनीच्या ‘व्हीट्रक्स’ नावाच्या पिकअपची ही हकिकत आहे. आपल्याकडे विजेचे टेम्पो घेणाऱ्या व्यापाऱ्यांनाही तिच्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

कल्पना काय होती?

युटा राज्यातील ओरेम गावी २०१० मध्ये व्हाया मोटर्स सुरू झाली. त्याआधी २००९ मध्ये रेझर टेक्नॉलॉजीज या कंपनीने हमर एच-३ गाडीवर असाच प्रयोग केला होता, त्यातूनच ही नवी कंपनी निघाली. जनरल मोटर्सचे माजी उपाध्यक्ष बॉब लुट्झ तिच्या संचालक मंडळावर आले. शेव्हरोले व्होल्ट ही मोटार बाजारात आणण्यामागे त्यांचाच आग्रह होता. त्यांचे म्हणणे सरळ होते : लहान मोटारी मुळातच पेट्रोल कमी पितात. त्या विजेवर नेऊन जी बचत होते त्यापेक्षा जास्त बचत अवजड पिकअप आणि व्हॅन विजेवर नेल्याने होईल.

कंपनीने नवी गाडी मुळापासून बनवली नाही. शेव्हरोले सिल्व्हराडो या प्रसिद्ध पिकअपमध्ये फेरबदल करून तिच्यात विजेची मोटर, बॅटरी आणि जनरेटर बसवला. चाके फिरवण्याचे काम फक्त मोटरचे. ४.३ लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन चाकांना जोडलेलेच नव्हते. बॅटरी उतरली की ते सुरू व्हायचे आणि जनरेटर फिरवून वीज तयार करायचे. एखाद्या दुकानात लाइट गेल्यावर जनरेटर लावतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे जनरेटर गाडीतच होता. अशा रचनेला ‘रेंज एक्स्टेंडर’ म्हणतात, म्हणजे पल्ला वाढवणारे यंत्र.

कंपनीचा दावा असा होता की पहिले ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर, गाडी निव्वळ विजेवर जाईल आणि पुढे पेट्रोलवर एकूण पल्ला ४०० मैलांपर्यंत नेता येईल. रोजची फेरी जवळची असेल तर गॅलनला १०० मैलांचे अॅव्हरेज पडेल, असेही सांगितले गेले. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कॅलिफोर्नियातील वीज कंपनीने चाचणीसाठी असे ट्रक घेतले.

चोवीस युनिटांचा हिशेब

या ट्रकची बॅटरी २४ किलोवॅट तासांची होती. आपल्या भाषेत सांगायचे तर २४ युनिट. लाइट बिलावर जे युनिट लिहिलेले असते तेच हे युनिट.

आता पेट्रोलशी तुलना करू. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ नऊ युनिटांएवढी उष्णता असते. म्हणजे २४ युनिटांत तीन लिटर पेट्रोलचीही शक्ती नाही. विजेची बाजू सावरते ती एका कारणाने. पेट्रोल इंजिन त्या उष्णतेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते, बाकी सारी धुराबरोबर आणि रेडिएटरमधून वाया जाते. विजेची मोटर मिळालेल्या विजेपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास कामी लावते. हे धरून चालले तर २४ युनिटांची बॅटरी सुमारे दहा लिटर पेट्रोलचे काम करते. अवजड अमेरिकन पिकअप दहा लिटरमध्ये साधारण ४० मैल जातो. कंपनीचा आकडा हवेतला नव्हता हे यावरून दिसते. पण त्यात हात राखून ठेवायला काहीच जागा नव्हती, हेही दिसते.

मुख्य अडचण इथेच होती. लिथियमची बॅटरी कोणी पूर्ण शंभर टक्के वापरत नाही. ती अगदी तळापर्यंत रिकामी केली किंवा रोज काठोकाठ भरून ठेवली तर तिचे आयुष्य घटते. म्हणून दोन्ही टोकांना थोडा भाग राखून ठेवावा लागतो. २०११ च्या व्होल्ट मोटारीचेच पाहा. तिची बॅटरी १६ युनिटांची, पण प्रत्यक्ष वापरायला मिळत होती साडेदहा युनिटांच्या आतबाहेर. त्यावर ती सरकारी चाचणीत ३५ मैल गेली. ती लहान, ठेंगणी, वारा कापणारी मोटार होती. इकडे अडीच टनांहून जड, भिंतीसारखा उभा चेहरा असलेला ट्रक, आणि बॅटरी फक्त दीडपट.

ओझे, चढ आणि थंडी

पिकअप माल वाहण्यासाठीच घेतात. रिकाम्या ट्रकला ६४ किलोमीटर नेणारी बॅटरी भरलेल्या ट्रकला तेवढे नेणार नाही. मागे ट्रेलर जोडला की वाऱ्याचा अडथळा वाढतो आणि विजेचा खप दीडपट-दुप्पट होऊ शकतो. समजा चढावर ओझ्यासह मोटरला १०० किलोवॅट लागले, तर २४ युनिटांची बॅटरी एकटी पंधरा मिनिटेही टिकत नाही. मग सगळा भार जनरेटरवर येतो.

जनरेटरवर चालताना आणखी एक तोटा असतो. साध्या ट्रकमध्ये इंजिनाची ताकद गिअरमधून थेट चाकांवर जाते. इथे आधी इंजिन, मग जनरेटर, मग मोटर आणि शेवटी चाक. प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते. शिवाय बॅटरी रिकामी झाली म्हणून तिचे वजन कमी होत नाही. पेट्रोलची टाकी रिकामी होत जाते तसतशी गाडी हलकी होते. बॅटरी मात्र अडीचशे-तीनशे किलोचे ओझे होऊन दिवसभर गाडीतच बसून राहते.

थंडीने आणखी भर पडते. पारा शून्याखाली गेला की लिथियम बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावतात. अशा वेळी जोराने चार्ज केले तर आतल्या पट्टीवर लिथियम धातूचा थर साचतो आणि सेल कायमची बिघडते. म्हणून आधी बॅटरी गरम करावी लागते आणि त्यातही वीज जाते. पेट्रोल गाडीत केबिन गरम ठेवण्यासाठी इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते. विजेवर चालताना तीही बॅटरीतूनच काढावी लागते.

या ट्रकची एक सोय मोठी आकर्षक होती. कामाच्या जागी त्यातून सुमारे पंधरा किलोवॅट वीज बाहेर घेऊन यंत्रे चालवता येत. वीज कंपनीच्या लाइनमनला किंवा बांधकाम ठेकेदाराला ही चीज हवीहवीशी वाटणारच. पण साइटवर पाच किलोवॅटचे यंत्र दोन तास चालवले की दहा युनिट खर्च होतात आणि परतीच्या वाटेवरचे पंचवीसेक किलोमीटर कमी होतात. एकाच घागरीतून दोघांनी पाणी प्यायचे म्हटले की असेच होते.

शंभर मैलांच्या अॅव्हरेजचे गणित

गॅलनला १०० मैल हा आकडा कसा येतो ते समजून घेतले पाहिजे. समजा रोजची फेरी ५० मैलांची आहे. पहिले ४० मैल विजेवर, उरलेले १० पेट्रोलवर. पेट्रोलवर गॅलनला २० मैल धरले तर अर्धा गॅलन लागतो. ५० मैलांना अर्धा गॅलन, म्हणजे १०० चे अॅव्हरेज. गणित बरोबर आहे.

आता ओझ्यामुळे, थंडीमुळे किंवा बॅटरी जुनी झाल्यामुळे विजेवर ४० ऐवजी २५ मैलच मिळाले असे धरा. उरलेल्या २५ मैलांना सव्वा गॅलन लागतो आणि अॅव्हरेज ४० वर येते. बॅटरीची ताकद चाळीस टक्क्यांच्या आत घटली, पण पेट्रोलचा खर्च अडीच पट झाला. लहान बॅटरीच्या गाडीत थोडीशी घटही मालकाच्या खिशाला इतकी झोंबते, कारण सारा फायदा त्या पहिल्या थोड्या मैलांवर उभा असतो.

किंमत वसूल होते का?

या ट्रकची किंमत ७९ हजार डॉलरच्या आसपास सांगितली जात होती. २०१० च्या सुमारास लिथियम बॅटरीचा भाव युनिटमागे हजार डॉलरच्या घरात होता, त्यामुळे मोठी बॅटरी बसवणे परवडण्यासारखे नव्हते. साधा पेट्रोल ट्रक ३०-३५ हजारांचा धरला तर फरक सुमारे ४५ हजार डॉलरचा पडतो.

रोज ४० मैल आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२ हजार मैल झाले. गॅलनला १५ मैल देणारा ट्रक यासाठी ८०० गॅलन पेट्रोल पितो. गॅलनला साडेतीन डॉलर भाव धरला तर २,८०० डॉलर होतात. विजेचा खर्च ८०० डॉलरच्या आसपास जातो. वर्षाला बचत दोन हजार डॉलर. या हिशेबाने ४५ हजार वसूल व्हायला बावीस वर्षे हवीत. तेवढी वर्षे ट्रकही टिकत नाही आणि बॅटरीही टिकत नाही. सरकारी अनुदानाशिवाय हा सौदा जमणे कठीण होते.

सेल बनवणाराच बुडाला

बॅटरीसाठी व्हायाने २०११ मध्ये ए१२३ सिस्टिम्स ही कंपनी निवडली. मॅसॅच्युसेट्समध्ये २००१ साली सुरू झालेल्या या कंपनीला २००९ मध्ये अमेरिकन सरकारने २४ कोटी ९० लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले होते. तिचा माल लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचा होता. ही बॅटरी सहसा भडकत नाही, झटक्यात भरपूर ताकद देते आणि हजारो वेळा चार्ज होते. कामाच्या गाडीला या गुणांची गरज असतेच. मात्र तेवढ्याच वजनात ती निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा कमी वीज साठवते. दुसरी अडचण म्हणजे अर्ध्याहून जास्त रिकामी होईपर्यंत तिचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे आत नक्की किती वीज उरली हे ओळखणे गाडीच्या यंत्रणेला अवघड जाते. काटा एक सांगतो आणि बॅटरी दुसरेच करते, असा प्रकार होऊ शकतो.

मार्च २०१२ मध्ये ए१२३ ने जाहीर केले की मिशिगनमधील लिव्होनिया कारखान्यात तयार झालेल्या काही सेलमध्ये दोष आहे आणि माल बदलून द्यावा लागेल. त्यासाठी साडेपाच कोटी डॉलर खर्च सांगितला गेला. याचा मोठा फटका फिस्कर कर्मा या मोटारीला बसला. ऑक्टोबर २०१२ मध्ये ए१२३ ने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१३ च्या सुरुवातीला चीनच्या वांशियांग समूहाने तिचा बहुतेक धंदा विकत घेतला. गाडीतील सर्वांत महाग भाग जो पुरवतो, तोच डबघाईला आला तर गाडी बनवणाऱ्याने भरवसा कोणावर ठेवायचा?

व्हायाचा ट्रक मोठ्या संख्येने रस्त्यावर कधी आला नाही. २०२३ च्या सुरुवातीला आयडियानॉमिक्स या कंपनीने व्हाया आपल्यात सामावून घेतली आणि डिसेंबर २०२४ मध्ये आयडियानॉमिक्सनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्कहॉर्स कंपनीचा डब्ल्यू-१५ हा अशाच रचनेचा पिकअप २०१७ मध्ये दाखवण्यात आला होता. त्यात ६० युनिटांची बॅटरी आणि ८० मैलांचा दावा होता, पण तोही बाजारात पोहोचला नाही.

मग कल्पनाच चुकीची होती का? तसे म्हणता येत नाही. २०२३ मध्ये रॅम कंपनीने याच पद्धतीच्या पिकअपची घोषणा केली, तेव्हा बॅटरी ९२ युनिटांची आणि विजेवरचा पल्ला १४५ मैलांचा सांगितला. बॅटरी जवळपास चौपट झाली. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये बॅटरीचा सरासरी भाव युनिटमागे ११५ डॉलरवर आला, म्हणून हे शक्य झाले. विचार तोच राहिला, बॅटरीचा भाव मात्र त्याच्या आवाक्यात यायला दहा-बारा वर्षे लागली.

आपल्या व्यापाऱ्यांसाठी

टाटा कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या एस ईव्ही या छोट्या टेम्पोची बॅटरी २१.३ युनिटांची आहे, व्हायाच्या ट्रकपेक्षा थोडी लहानच. तरी तिचा प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर सांगितला गेला, कारण गाडी हलकी आहे आणि काम शहरातले आहे. बॅटरी मोठी की लहान हे तिच्या आकड्यावरून ठरत नाही, तिच्यावर टाकलेल्या कामावरून ठरते.

विजेची मालगाडी घेताना विक्रेत्याला चार प्रश्न जरूर विचारावेत. लिहिलेल्या युनिटांपैकी प्रत्यक्ष वापरायला किती मिळतात? सांगितलेला पल्ला रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या? बॅटरीची ताकद किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी ती बदलून देईल? आणि सेल बनवणारी कंपनी उद्या राहिली नाही तर ही हमी कोण पाळणार? उत्तरे तोंडी ऐकून समाधान मानू नये, ती कागदावर घ्यावीत. शक्य असल्यास आपला नेहमीचा माल भरून आपल्या नेहमीच्या रस्त्यावर एक दिवस गाडी चालवून पाहावी. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला हप्ता दर महिन्याला भरावाच लागतो, बॅटरीने साथ दिली तरी आणि नाही दिली तरी.