पाळण्यातला यवन राजा

बारशाच्या आधी घरोघरी नावांच्या याद्या फिरतात. त्यांत हल्ली अथेना असते, आयरिस असते, एखादा ओरायनही असतो. ग्रीक पुराणातलं नाव, ऐकायला गोड आणि वर्गात दुसऱ्या कुणाचं नसणारं. आजीला मात्र हे परदेशी खूळ वाटतं. तिला कोण सांगणार, की नागपूरच्या इंदोऱ्यात उभं राहून एक ग्रीक नाव मोठ्यानं पुकारलं, तर दोन-चार माणसं सहज वळून पाहतील! ते नाव आहे मिलिंद.

संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, आणि पुष्कळ घरांत ते त्याच अर्थानं ठेवलेलं असतं. पण बौद्ध घरातला मिलिंद भुंगा नव्हे, तो राजा आहे. त्याचं मूळ नाव मेनान्द्रोस. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्यानं पंजाबच्या बाजूला राज्य केलं. सागल, म्हणजे आजचं सियालकोट, ही त्याची राजधानी मानतात. अलेक्झांडर मागे फिरला त्याला तोवर दीडशेवर वर्षं झाली होती, पण हिंदुकुशापलीकडे बॅक्ट्रियात राहिलेल्या ग्रीकांच्या वंशजांनी पुन्हा इकडची वाट धरली होती.

हा राजा पुराणातला नाही, हे खरं. पण पुराण त्याच्या खिशात होतं, अगदी शब्दशः. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला अथेना, हातातलं वज्र फेकायच्या पवित्र्यात, आणि तिच्याभोवती खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर : ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. तारणकर्त्या महाराज मेनंद्राचं. ही तीच अथेना, जी झ्यूसच्या मस्तकातून चिलखतासह जन्मली, आणि वज्रही तिच्या बापाचंच. इंद्राचं वज्र ठाऊक असलेल्या इथल्या माणसाला ते नाणं फार परकं वाटलं नसावं. मेनंद्राच्या काही नाण्यांवर अथेनाचा लाडका पक्षीही आहे. तो पक्षी म्हणजे घुबड! अथेना नाव ठेवणाऱ्यांनी ही माहिती आजीपासून लपवून ठेवावी.

नाण्यावरचा मेनंद्र पाली ग्रंथात मिलिंद झाला. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो वादविवादात भल्याभल्यांना गप्प करणारा राजा आहे. त्याची गाठ पडते भिक्खू नागसेनाशी, आणि दोघांचा पहिलाच वाद कशावरून व्हावा? नावावरून. राजा साधा प्रश्न विचारतो, भंते, आपलं नाव काय? उत्तर मिळतं, मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन ठेवतात, शूरसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात. पण ती नुसती हाक मारायची सोय, नावामागे शोधायला गेलात तर असा कुणी वेगळा ‘नागसेन’ सापडणार नाही.

राजा खवळतोच. मग हे चीवर घालतो कोण, शील पाळतो कोण? केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? नागसेन शांतपणे उलट विचारतो, महाराज आलात कसे? रथातून. मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावं लागतं. शेवटी तोच कबूल करतो, की हे सगळं एकत्र आल्यावर त्याला रथ हे नाव पडतं. नागसेन म्हणतो, माझंही तसंच. आणि राजा चिडत नाही, खूश होतो. नावाच्या यादीवरून रात्री जागवणाऱ्या आईबापांनी वाचावा असा याहून चांगला मजकूर माझ्या तरी माहितीत नाही.

हा राजा मराठी पाळण्यात आला तो मुख्यतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. कॉलेजला वाद जिंकणाऱ्याचं नाव देणं सोपं असतं. इथे मान प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर पटल्यावर ते मानणाऱ्याला मिळाला. मला ही निवड फार मोठी वाटते. मग 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि घराघरांतली नावं बदलली. धोंडू, कचरू अशी नावं मागे पडत गेली. सिद्धार्थ, राहुल, सुजाता, विशाखा आले, आणि त्यांच्याबरोबर मिलिंद आणि नागसेनही. आज एकाच घरात हे दोघं सख्खे भाऊ असू शकतात. नागसेनानं मिलिंदाला निरुत्तर केलं होतं, हे धाकट्या नागसेनाला ठाऊक असलं की मग थोरल्या मिलिंदाची खैर नाही.

नावांची वाट उलट्या दिशेनंही चालली होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब दान देणारे काही जण स्वतःला धेनुकाकट या गावचे यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतात, आणि त्यांची नावं? सिहधय, म्हणजे सिंहध्वज, आणि धम्म. नाशिकच्या पांडवलेण्यातलं सतरावं लेणं एका उत्तरेकडच्या योनकानं, म्हणजे यवनानंच, कोरवून घेतलं. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं धर्मदेव आणि मुलाचं धर्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही! गाव मात्र दत्तामित्री. अभ्यासक ते देमेत्रिओस या यवन राजाच्या नावाशी जोडतात, आणि देमेत्रिओस म्हणजे देमेतरचा, ग्रीकांच्या धान्यदेवतेचा. इंद्र आणि अग्नी एकाच नावात बांधणाऱ्या त्या घराच्या पत्त्यात अशी एक ग्रीक देवी राहून गेली आहे.

तेव्हा पोट्टीचं नाव अथेना ठेवायचं असेल तर बिनधास्त ठेवा. प्राकृत अक्षरांच्या शेजारी ती बाविसेक शतकांपूर्वीच येऊन बसली आहे. फक्त बारशाच्या आधी नागसेन आणि मिलिंदाचा तो पहिला संवाद तेवढा वाचून घ्या, आणि जमलं तर आजीलाही वाचून दाखवा.