स्नायूंची उभारणी आणि प्रथिनांचा डबा

दिल्ली शहराच्या दक्षिण भागात मुनिरका नावाचे एक जुने गाव आहे. गावाची म्हणून जी लक्षणे असतात, त्यांपैकी आता तेथे फारच थोडी उरली आहेत. शेतांच्या जागी सरकारी वसाहती, सदनिका आणि विद्यापीठाचे आवार आले. उरलेल्या गावठाणात चार-पाच मजल्यांची घरे एकमेकांना खेटून उभी राहिली. या घरांच्या लहान लहान खोल्यांतून देशाच्या सर्व भागांतून आलेले तरुण भाड्याने राहतात. कोणी विद्यार्थी, कोणी स्पर्धा-परीक्षेचा उमेदवार, कोणी उपाहारगृहात काम करणारा, तर कोणी पहारेकरी. सायंकाळी गल्लीतील व्यायामशाळांतून, म्हणजे आजच्या भाषेत जिममधून, लोखंडी वजनांचा खणखणाट ऐकू येऊ लागतो. अशा वस्तीत घागरीएवढे रंगीत डबे मांडलेले दुकानही हटकून असते. प्रथिनांची भुकटी त्या डब्यांत असते.

अशा एखाद्या तरुणाचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. त्याचे वजन साठ किलो आहे. आठवड्यातून चार दिवस तो नियमाने वजने उचलतो. सकाळी चहा आणि बिस्किटे, दुपारी डब्याचे जेवण, रात्री जे स्वस्त मिळेल ते, असा त्याचा आहार आहे. सोबती त्याला सांगतात की, भुकटी घेतल्यावाचून व्यायामाचे चीज होत नाही. एक किलोच्या चांगल्या डब्याला काही हजार रुपये पडतात. तेव्हा तो दूध बंद करतो, रात्रीचे जेवण आखडते घेतो आणि डबा विकत आणतो. या व्यवहारात त्याचा लाभ झाला की हानी, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. त्याचे उत्तर मात्र शरीरशास्त्र, रसायनशास्त्र आणि साधी त्रैराशिके यांच्या साहाय्यानेच द्यावे लागते.

बळ कोठून येते?

प्रथिने म्हणजेच शक्ती, हा समज फार जुना आहे आणि एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही तोच समज होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४२ साली असे प्रतिपादन केले की, स्नायू काम करतात तेव्हा त्यांतील प्रथिने खर्ची पडतात. म्हणून श्रम करणाऱ्याने ती भरून काढली पाहिजेत. या मताची परीक्षा १८६५ साली झुरिक येथील फिक आणि व्हिस्लिसेनस या दोघा प्राध्यापकांनी स्वतःच्या देहावर केली. आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले. पिष्ट, साखर आणि चरबी यांवरच निर्वाह केला. आणि स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढून ते सुमारे १,९५० मीटर उंच गेले. चढताना आणि चढून गेल्यावर त्यांनी आपल्या मूत्रातील नायट्रोजन मोजला. शरीरातील प्रथिनांचे विघटन झाले म्हणजे त्यांतील नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडतो. त्यामुळे किती प्रथिने खर्च झाली, याचा हिशेब त्यावरून लागतो. पुढच्या वर्षी फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने प्रथिनांची उष्णता प्रत्यक्ष मोजली, तेव्हा असे दिसून आले की, त्या चढणीला जेवढी ऊर्जा लागली तिच्या जेमतेम निम्मीच या प्रथिनांपासून मिळू शकली असती. अर्थात शिखर सर झाले ते मुख्यतः पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थांच्या बळावर.

वजन उचलण्याचे इंधन, याप्रमाणे, भाकरी, भात, पोळी आणि तेल-तूप यांतून मिळते. प्रथिनांचे कार्य निराळे आहे. ती इमारतीचे साहित्य आहेत. स्नायूंचे तंतू, पाचक रस, रक्तातील अनेक घटक हे सर्व त्यांचेच बनलेले असतात. हे साहित्य एकदा बसवले की कायमचे राहते असेही नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिने मोडली जातात आणि जवळजवळ तितकीच पुन्हा घडवली जातात. मोडलेल्या मालाचा बराच भाग शरीर पुन्हा वापरते; जी तूट येते ती अन्नाने भरून काढावी लागते.

वजने उचलल्याने स्नायूंवर जो ताण पडतो, तो या घडणीस चालना देणारा संकेत होय. त्यानंतर एक-दोन दिवस स्नायूंतील प्रथिनांची घडण वाढलेल्या वेगाने चालू राहते. संकेत नसेल, तर साहित्याचा ढीग पडूनही भिंत वर चढत नाही. संकेत आहे पण साहित्य आणि इंधन नाही, तर गवंडी रिकामे बसतात. विश्रांती आणि झोप यांचाही या कामात वाटा आहे.

किती प्रथिने पुरेशी?

आता हिशेब करून पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली निश्चित केलेल्या प्रमाणानुसार प्रौढ व्यक्तीस शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचविली आहेत. साठ किलो वजनाच्या माणसास हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम येते. नियमित वजने उचलणाऱ्यास याहून अधिक प्रथिने उपयोगी पडतात. या विषयावरील ४९ प्रयोगांचा आणि १,८६३ व्यक्तींचा एकत्रित विचार करणारा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढविण्याचा लाभ होतो, त्यापुढे स्नायूंच्या वाढीत भर पडत नाही, असे त्यात आढळले. साठ किलोच्या तरुणास हे प्रमाण सुमारे ९६ ग्रॅम होईल. पूरक प्रथिनांमुळे झालेली जादा वाढ सरासरीने अवघी ३०० ग्रॅम होती, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. वाढीचा मोठा वाटा व्यायामाचाच होता.

या अल्प वाढीचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. स्नायूंचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. एक किलो स्नायूंत प्रथिने सुमारे दोनशे ग्रॅमच असतात. एखाद्या नवशिक्याने महिन्यात एक किलो स्नायू कमावले असे मानले, आणि ही गोष्ट सहसा घडत नाही, तरी दररोज प्रत्यक्ष जमा होणारी प्रथिने सात ग्रॅमही भरत नाहीत. खाल्लेले सर्व कारणी लागत नसल्यामुळे आहारात याहून पुष्कळ अधिक असावी लागतात, हे खरे. पण दिवसाला तीन-तीन पेले भुकटी घेण्याचे समर्थन यातून होत नाही.

उरलेली प्रथिने शरीर साठवून ठेवीत नाही. यकृत त्यांतील नायट्रोजन वेगळा करून त्याचे युरिया बनवते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. शेष भाग इंधन म्हणून जळतो किंवा चरबीच्या रूपाने साठतो. निरोगी मूत्रपिंडांना मध्यम प्रमाणात वाढलेले हे काम सहन होते. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुर्बल आहेत, त्यांना मात्र ते बाधक ठरते; आणि हा दुर्बलपणा तपासणीवाचून पुष्कळदा समजत नाही.

ताटातील प्रथिने

९६ ग्रॅम हा आकडा मोठा वाटतो. तो ताटात कसा बसतो ते पाहावे. तीनशे ग्रॅम कणकेच्या पोळ्यांत सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम तांदळात ८. पाऊणशे ग्रॅम डाळ किंवा राजमा यांत १६. अर्धा लिटर दुधात किंवा दह्यात १६. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम, फुटाण्यांत १०. आणि दोन अंड्यांत १२. एकूण बेरीज ९४ ग्रॅम होते. अंडी न खाणाऱ्याने पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घेतल्या, तरी तेवढीच प्रथिने मिळतात. हे सर्व पदार्थ मुनिरक्यातील कोणत्याही किराणा दुकानात किंवा दूधकेंद्रावर मिळण्याजोगे आहेत.

धान्यातील प्रथिने हलक्या प्रतीची, असा आक्षेप येथे घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. शरीराला स्वतः बनवता न येणारी नऊ ॲमिनो आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. गहू आणि तांदूळ यांत त्यांपैकी लायसीन कमी असते. डाळींत लायसीन भरपूर, पण मेथिओनीन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात किंवा राजमा-चावल यांची जोडी केवळ रुचीसाठी जमलेली नाही.

डब्यातील भुकटी ही बहुधा निवळीची असते. दूध नासवून त्यातील घट्ट भाग काढून घेतल्यावर जे हिरवट पाणी उरते तीच निवळी. ती गाळून, आटवून आणि सुकवून ही भुकटी तयार करतात. तिची प्रथिने उत्तम प्रतीची व त्वरित पचणारी असतात, यात शंका नाही. एका मापात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, म्हणजे चार अंड्यांइतकी किंवा पाऊण लिटर दुधाइतकी, मिळतात. ज्याला स्वयंपाकाची सोय नाही, ज्याचा आहार अन्यथा पुरेसा आहे आणि ज्याला खर्च परवडतो, त्याला एखादे माप सोयीचे होईल. व्यायाम संपताच अर्ध्या तासाच्या आत ती घेतली नाही तर सर्व व्यर्थ, ही भीती मात्र निराधार आहे. दिवसभराची बेरीज अधिक महत्त्वाची असते.

अर्धपोटी घेतलेले प्रथिन

वर कल्पिलेल्या तरुणाची खरी चूक येथे दिसून येते. त्याने जेवण कमी करून भुकटी घेतली. अन्नातून एकंदर ऊर्जा अपुरी पडली म्हणजे शरीर प्रथिनांचेच इंधन करते. सागवानाच्या फळ्या चुलीत घालण्यासारखाच हा प्रकार आहे.

हा मुद्दा आपल्या देशात एका मोठ्या वादाच्या निमित्ताने पुढे आला होता. जगातील गरीब देशांत प्रथिनांचे संकट ओढवत आहे, अशी चिंता गेल्या शतकाच्या मध्यास व्यक्त होत होती. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनीही तशा आशयाचा अहवाल प्रसिद्ध केला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या समजास आव्हान दिले. दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेत आणि पुढे रोम येथे अन्न व कृषी संघटनेत त्यांनी काम केले होते. भारतीय आहाराच्या पाहणीतील आकडे तपासून १९७० साली त्यांनी दाखवून दिले की, ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांना बहुतांशी एकंदर अन्नच कमी पडते. हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन यांनी मुलांच्या कुपोषणाचा जो अभ्यास केला, त्याचाही रोख याच दिशेने होता. देशातील उपाशी मुलांविषयी जे खरे ठरले, ते अर्धपोटी व्यायाम करणाऱ्या तरुणासही लागू आहे.

डब्यावरील आकडा

शेवटचा प्रश्न शुद्धतेचा. पदार्थातील प्रथिने मोजण्याची सर्वमान्य पद्धत डेन्मार्कच्या केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली शोधली. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळून त्यातील नायट्रोजन मोजतात. प्रथिनांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के असल्यामुळे आलेल्या आकड्यास ६.२५ ने गुणले की प्रथिनांचे प्रमाण मिळते. पद्धत चोख आहे, पण तिला एक मर्यादा आहे. नायट्रोजन प्रथिनांतून आला की अन्य वस्तूंतून, हे तिला ओळखता येत नाही. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाईन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळण्यात आले. सुमारे तीन लक्ष अर्भकांना त्याची बाधा झाली आणि सहा दगावली. भुकटीत ग्लायसीनसारखे स्वस्त ॲमिनो आम्ल मिसळूनही डब्यावरचा आकडा फुगवता येतो.

भारतीय बाजारातील ३६ प्रथिनपूरकांची तपासणी करून केरळातील डॉक्टरांनी २०२४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के नमुन्यांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण आणि आतील प्रमाण यांत मेळ नव्हता. सुमारे १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष आढळले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने देशासाठी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असा सल्ला त्यांत दिला असून, त्यांत साखर, कृत्रिम गोडी आणि स्वाद मिसळलेले असू शकतात, याकडेही लक्ष वेधले आहे.

मराठी मुलखातील तालमींत दूध, बदाम आणि खसखस यांची थंडाई घोटली जाते, ती जोर-बैठका आणि भरपेट जेवण यांच्या जोडीला. त्यांच्या ऐवजी नव्हे. नव्या डब्यालाही हाच न्याय लावावा. तो औषध नाही की जादू नाही; तो अन्नाचा एक महागडा प्रकार आहे, आणि अन्नाच्याच कसोटीवर त्याची पारख केली पाहिजे: त्यातून किती मिळते, किती मोल पडते आणि तो कितपत शुद्ध आहे. मुनिरक्यातील त्या तरुणाने डबा घेण्यापूर्वी आठवडाभर आपण काय काय खाल्ले ते एका कागदावर मांडून बेरीज करावी. तूट आढळली, तर प्रथम बंद केलेले दूध आणि आखडलेले रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करावे. त्यानंतरही काही उणे राहिले आणि पदरी पैसे असले, तर डब्याचा विचार करण्यास पुष्कळ अवकाश आहे.